कडूबाईच्या पुसलेल्या ओव्या

मी, विष्णुपंत दिगंबर धारूरकर, वय ६३, निवृत्त शिक्षक, राहणार तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी सौ. वनमाला हिची, तिच्यामागे कन्या चंद्रप्रभेची. पुस्तके शाळेला द्यावीत, रद्दीत घालू नयेत.

२. माझा टेपरेकॉर्डर बेंबळीच्या मुक्ताबाईस द्यावा. कारण घरात कोणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात मी बेंबळीला शिक्षक होतो. मुक्ताची आई कडूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. फोडता फोडता तिने आटलेल्या विहिरीच्या, गाव सोडून गेलेल्यांच्या ओव्या रचल्या. मी त्या टेप केल्या आणि सहा वर्षे इतिहासाच्या तासाला मुलांना ऐकवल्या. एरवी चुळबुळणारी पोरे त्या ओव्या बरोबरीने म्हणत.

एकोणऐंशी साली सोसायटीच्या इमारतीचे उद्घाटन झाले. भाषणासाठी कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा मी कडूबाईच्या कॅसेटवरच भाषण घेतले. चेअरमन आबारावांनी सक्ती केली, असे पुढे विचारणाऱ्यांना सांगत आलो. ते खोटे आहे. त्यांना काहीच माहीत नव्हते. या बाईच्या ओव्या काय, पुन्हा घेता येतील, असे मला वाटले.

पुढल्या वर्षी दम्याने खंगलेली कडूबाई मुक्ताला घेऊन शाळेत आली.

"गुरुजी, माजं गाणं हिला ऐकवा. मला आता गाया येत न्हाय."

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

"बरं. नीट झालं की सांगावा धाडा."

मी धाडला नाही. त्या उन्हाळ्यात ती वारली.

३. नंतर जुन्या विद्यार्थ्यांना गाठून त्यांना आठवतील त्या ओव्या वहीत उतरवल्या. एकोणीस मिळाल्या, बाकीच्या गेल्या. वहीवर कडूबाईचे नाव आहे, माझे नाही. ती द्यायला दोनदा एसटीत बसलो आणि दोन्ही वेळा उस्मानाबादेतून परत फिरलो. म्हणून चंद्रप्रभेने स्वतः बेंबळीला जाऊन वही द्यावी व वरचे कलम मुक्ताबाईस वाचून दाखवावे. माझ्या वतीने सारवासारव करू नये.

४. सोबत दोन कोऱ्या कॅसेट ठेवल्या आहेत. मुक्ताबाईस आईच्या ओव्या गायच्या असतील तर गाव्यात. त्या कॅसेट बेंबळीच्या शाळेत वाजवायच्या की नाही, हे तिनेच ठरवावे. ती नाही म्हणाली, तर कोणी तिला कारण विचारू नये.

हे सर्व मी स्वहस्ते लिहिले. साक्षीदारांनी ते ऐकले व माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: वि. दि. धारूरकर
साक्षीदार: १. हणमंतप्पा बसप्पा स्वामी २. महांतप्पा शिवप्पा पाटील
तुळजापूर, ३ मार्च १९८७