कपाशीच्या रांगेत पंक्तिप्रपंच

३ मार्च, सकाळ
मला लिहिता येत नाही. मी सांगते, हे लिहितात. रिटायर झालेल्या नवऱ्याला काहीतरी उद्योग हवाच.
नात परगावी गेली. गच्चीवरच्या कपाशीच्या कुंड्या माझ्या ताब्यात. खारट मातीत कपाशी कसा तग धरते, याचा प्रयोग. तिची डिग्री त्यावर आहे. तीन रांगा, तीन कॅन: साधं पाणी, थोडं खारट, भयंकर खारट. म्हणाली, आजी, फक्त पाणी घाल, डोकं घालू नकोस. मी कधी घालते? (ह्यांना उगाच खोकला आला.)

११ मार्च
तिसऱ्या रांगेची पानं कडेने करपली. वाढ खुंटली. पहिली रांग नुसती माजलीय. मी गप्प. माझा निश्चय पक्का आहे.

१२ मार्च, दुपार
उभ्या जन्मात मी पंक्तिप्रपंच केला नाही. चार पोरं वाढवली, सगळ्यांना सारखं वाढलं. तिन्ही कॅन एका बादलीत ओतले, ढवळले, प्रत्येकीला एकेक मग. प्रयोगाला हात लावलेला नाही. मीठ तेवढंच, पाणी तेवढंच, वाटणी तेवढी नीट केली. हे म्हणाले, नातीला फोन कर. म्हटलं, तुम्ही लिहा.

२६ मार्च
रोज बादलीच. यश! डोळे बारीक केले तर तिन्ही रांगा सारख्या दिसतात. पहिलीने पानं गाळली; लाडावलेल्यांचं असंच होतं. नातीचा फोन आला, कुंड्या बऱ्या आहेत ना? म्हटलं, आता गुण्यागोविंदाने नांदतात. ती एकदम गप्प झाली. आनंदाने असणार.

२ एप्रिल
नात आली, सोबत तिच्या गाईडबाई. त्यांनी माती पाण्यात कालवून मशीन बुडवलं. सगळीकडे मीठ. विचारलं, साध्या पाण्याची रांग कुठली? मी अभिमानाने सांगितलं, तसला भेदभाव आता इथे नाही. बाई खाली बसल्या. नात रडकुंडीला आली: अगं आजी, फरकच तर बघायचा होता! आता पुन्हा बी पेरायचं, डिग्री पुढच्या वर्षावर. मी जवळ घेतलं. म्हटलं, घाबरतेस काय, मी आहे ना. तशी जास्तच रडली.

४ एप्रिल
नवं बी पडलं. पाणी घालणार हे, ज्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. मला काम दिलंय: गच्चीवर न येणे. तेही मन लावून करणार. जिन्यात खुर्ची टाकून घेतली आहे. तिथून आवाज वर छान पोचतो.