मावशीची रायफल आणि भिंतीकडची खुर्ची

नॉर्बी, मिनेसोटा
फेब्रुवारीची अखेर

प्रिय बॉर्गहिल्डमावशीस,

ओरिनचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण कंबर धरली. सरळ होईपर्यंत जो वेळ गेला तोही नमस्कारातच धर.) तुझा नवा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात तो लवकर रुळेल असं डॉक्टर म्हणाले होते. ऊन इथेही आहे, पण ते नुसतं बघायला. इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर विजेच्या वायरीला जोडून ठेवली नाही तर सकाळी ती साधी खोकतसुद्धा नाही. आर्लिस मजेत आहे, सुनेच्या नात्याने नमस्कार सांगते आणि विचारते की तिथे धड कॉफी मिळते का. माझी प्रकृती 'वाईट नाही' या सदरात मोडते, आणि आपल्याकडे याहून वरचं सदर नाही हे तुला ठाऊकच आहे.

पत्राचं मुख्य कारण आभार. ऑक्टोबरात निघताना तू तुझी पॉइंट बावीसची रायफल माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "ओरिन, वापर. गंजू देऊ नकोस." एवढंच. यात सुधारणा कर असं कुठेही नव्हतं, हे मला आता लख्ख दिसतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात तुझी खुर्ची होती. शेजारच्या टॅमरॅक गावाशी होणाऱ्या एप्रिलच्या नेमबाजीच्या सामन्यात आपल्या घरचं माणूस भिंतीकडच्या टेबलाशी बसलेलं नाही असं मला कळायला लागल्यापासून कधी झालं नाही. व्हर्नाने तुला दोनदा विचारलं, तू दोनदा नाही म्हणालीस, आणि खुर्ची रिकामी झाली. (व्हर्ना नेमबाजी मंडळाची अध्यक्ष झाल्यापासून शिट्टी गळ्यात घालूनच किराणा आणायला जाते.) फेब्रुवारीच्या निवडीत जो पहिला येईल त्याला ती मिळणार असं ठरलं. माझ्या शेजारच्या टेबलावर सराव करणाऱ्या डेल्मरचा तिच्यावर डोळा होता. आपल्या घरची खुर्ची डेल्मरच्या बुडाखाली जाणार या विचाराने मला जेवण गोड लागेना.

आता खरं सांगायचं तर तुझी रायफल चांगली चालत होती. पण तुझा तो चाप, मावशी! लोणच्याच्या बरणीचं अडकलेलं झाकण बरं. दुकानदार म्हणाला, नवा चाप बसव, नुसतं बोट टेकलं की काम होतं. बसवला. त्याचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. गुरुवारच्या सरावाला प्रार्थनामंदिराच्या तळघरात मी नेम धरायला सुरुवात केली, सवयीने बोट टेकवलं आणि गोळी गेली. ती माझ्या कागदावर नव्हतीच. डेल्मरच्या कागदावर, काळ्या ठिपक्याच्या अगदी पोटात! त्या हिवाळ्यातला माझा सगळ्यात सुंदर नेम तो, आणि आपल्या नियमाप्रमाणे ज्याचा कागद त्याचे गुण. डेल्मरने सभ्यपणे विचारलं, तुझे गुण तू परत घेतोस का. मी रीतीप्रमाणे नको म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणालो. आणि त्या माणसाने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. त्याच्या आईने त्याला काय वळण लावलं देव जाणे. मी हो म्हणायला तोंड उघडून बसलो होतो, ते शेवटी व्हर्नाच्या लिंबाच्या वडीने भरलं.

मग नळी. जाड, जड, स्पर्धेची नळी. ती आली तेव्हा कळलं की ती तुझ्या जुन्या दस्त्याच्या खोबणीत बसत नाही, म्हणून नवा दस्ता. नवा दस्ता असा की त्यात अंगठा घालायला भोक, गाल टेकायला उंचवटा. गाल तिथे टेकवला की डोळा जुन्या दुर्बिणीच्या वर जायचा आणि मला फक्त छताचा दिवा दिसायचा. म्हणून नवी दुर्बीण. (एक बूट बदलला की सगळा माणूस बदलावा लागतो असं आजोबा म्हणायचे, ते आठवलं, पण सगळं झाल्यावर.) नव्या नळीच्या आवडीनिवडी म्हणजे तर एखाद्या बड्या घरच्या जावयासारख्या. या डब्यातली काडतुसं चालत नाहीत, त्या डब्यातली अडकतात, आणि जी एकच जात तिला मनापासून आवडते ती आपल्या गावातच काय, पलीकडच्या डुलूथमध्येही संपलेली. मी गॅरेजमध्ये निरनिराळे डबे मांडून बसायचो आणि आर्लिस बॅटरी धरून उभी राहायची. एकदाही तिने तोंडातून काही काढलं नाही. तिचे आभार मी याच पत्रात मानतो, कारण समोर मानले तर ती 'बरं' म्हणून निघून जाते.

रिकाम्या पुंगळ्यांचंही सांगतो. तुझी रायफल पुढचं काडतूस आपली आपण भरते आणि रिकामी पुंगळी उजवीकडे उडवते. तू उजव्या टोकाला, भिंतीला लागून का बसायचीस ते मला इतक्या वर्षांनी कळलं. तुझ्या पुंगळ्या भिंतीवर आपटायच्या. मी होतो डेल्मरच्या डावीकडे. गरमागरम पुंगळी त्याच्या कॉलरमधून आत गेली की तो जे काही नाचायचा ते प्रार्थनामंदिराच्या इमारतीत शोभणारं नव्हतं, आणि त्याचा नेम चुकायचा. यात माझा काही हेतू नव्हता. (पहिल्या गुरुवारी तरी नव्हता.) शेवटी त्याने बायकोचा नहाणीतला पडदा आणून आमच्यामध्ये टांगला. त्यावर बदकं आहेत.

निवडीच्या दिवशी मी रायफल टेबलावर ठेवली. चकचकीत, मोठ्ठी, पाणबुडीसारखी. व्हर्नाने ती सगळीकडून पाहिली आणि नियम वाचून दाखवला. टॅमरॅकच्या सामन्यात दुकानातून आली तशीच रायफल चालेल, बदल करायचा तर फक्त दुर्बिणीत आणि पट्ट्यात. मी विचारलं, हा असला नियम कोणी केला? सगळे आपापल्या बंदुका पुसायला लागले. मग डेल्मर पडद्याआडून म्हणाला, "तुझ्या मावशीनं."

मावशी, मला हे कोणी सांगितलं नव्हतं! टॅमरॅकचा तो दातांचा डॉक्टर ट्रॅक्टरच्या किमतीची रायफल घेऊन आला होता त्या वर्षी तू हा नियम करून घेतलास म्हणे. मी त्या सामन्याला आजवर फक्त पॅनकेक खायला जायचो. हरणाऱ्या संघाने एप्रन बांधून वाढायचं असतं, तेवढा एक नियम मला पाठ. (आणि नंतर वाटलं, तुझा नियम योग्यच आहे. पण नंतर.) घरी जाऊन जुने भाग परत बसवतो म्हणालो. जुना चाप आणि बारीकसारीक सगळं मी आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत ठेवलं होतं, नळी नि दस्ता फ्रीझरच्या मागे. व्हर्नाने तासाभराची मुदत दिली.

घाई करायची गरजच पडली नाही, कारण तेवढ्यात आर्लिस जिना उतरून आली आणि तिच्या हातात तुझी रायफल होती.

मी म्हणजे खांबासारखा उभा. मंगळवारी ती प्रार्थनामंदिरातल्या बायकांबरोबर रजई शिवायला जाते असं मी समजत होतो. (हिवाळा संपत आला तरी घरात एकही रजई आली नाही, हे मला खटकायला हवं होतं.) मी एकेक भाग काढून ठेवत गेलो तसा तिने तो गुपचूप उचलून पुसून ठेवला. मग दुकानातून नियमाप्रमाणे सगळी कागदपत्रं भरून तसाच एक कोरा सांगाडा, म्हणजे ज्याला बाकी सगळे भाग जोडतात तो मधला गाभा, विकत घेतला, त्यावर तुझी नळी, तुझा चाप, तुझा दस्ता आणि तुझी दुर्बीण चढवली, आणि मंगळवारच्या बायकांच्या सरावाला बसू लागली. आता गंमत बघ. रायफलचा सरकारी नंबर असतो सांगाड्यावर, आणि तुझा सांगाडा माझ्याकडे. म्हणजे सरकारच्या मते तुझी रायफल माझ्याकडे आहे. सरकार सोडून बाकी सगळ्यांच्या मते ती आर्लिसकडे आहे. व्हर्नाने तपासली. सगळे भाग दुकानातून आले तसे. पास.

ती भिंतीकडे बसली, डेल्मर त्याच्या जागी. मी बदकांच्या पडद्याला धरून उभा होतो. तिने तो लोणच्याच्या झाकणासारखा चाप इतक्या सावकाश ओढला की गोळी सुटेपर्यंत माझी पडद्यावरची बदकं मोजून व्हायची, आणि प्रत्येक वेळी नेम ठिपक्याच्या पोटात. पुंगळ्या भिंतीवर आपटत राहिल्या. तोच आवाज, मावशी. डोळे मिटले असते तर तूच बसलीयेस असं वाटलं असतं. मी मिटले नाहीत, कारण त्यात पाणी होतं. शेवटी व्हर्नाने दोन्ही कागद दिव्याखाली धरले, आलटून पालटून पाहिले, आणि मग आर्लिसला म्हणाली, "वाईट नाही." डेल्मरने टोपी काढली.

मला हेवा वाटला का? वाटला. जेवण होईपर्यंत वाटला. मग जंगली तांदळाचं सूप दुसऱ्यांदा वाढताना ती म्हणाली, तू ते भाग काढले नसतेस तर मला कुठून मिळाले असते. तेव्हा हिशोब असा की माझ्या सगळ्या सुधारणांमधून एक माणूस खरोखर सुधारलं. त्याबद्दल तुझे आभार, तिचे आभार, आणि मनाला फार लावून घेतलं नाही तर माझेही थोडे आभार.

तुझा कृतज्ञ भाचा,
ओरिन

ता. क. आर्लिसने पत्र वाचलं आणि म्हणाली मुख्य गोष्ट लिहायचीच राहिली. व्हर्ना फळ्यावर तिचं नाव लिहायला गेली तेव्हा आर्लिसने तिचा हात धरला. "खुर्ची मावशींची आहे," म्हणाली. "मी फक्त ती गार होऊ देत नाहीये." दस्त्याला गाल टेकतो तिथली तुझी चिकटपट्टी तिने काढलेली नाही. बसायला उंच उशी शिवलीये, नव्या गुडघ्याला वाकायला लागू नये म्हणून. (तीच ती रजई.)

आणखी ता. क. तू आली नाहीस तरी एप्रिलच्या सामन्यात आर्लिस त्या खुर्चीवर बसणार नाही असं ठाम सांगते. तिच्यानंतर नंबर डेल्मरचा. माझा यादीत नंबरच नाही.

शेवटची ता. क. व्हर्नाने तुला दोनदा विचारलं आणि तू दोनदा नाही म्हणालीस. रीतच आहे ती, आम्हाला कळतं. त्यानंतर कुणी विचारलंच नाही, ही चूक आमची. मी डेल्मरच्या आईच्या हाताखाली वाढलेलो नाही, तुझ्या हाताखाली वाढलोय. म्हणून आता तिसऱ्यांदा विचारतो, मावशी: एप्रिलमध्ये येतेस ना?