मांडवातली नऊ मिनिटं

पांढुर्णा
दि. १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय हिरामणदादास,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

एकदाची सुमेधच्या लग्नाची तारीख निघाली बाप्पा! रविवार, २७ एप्रिल, संध्याकाळी सहाला, इथेच पांढुर्ण्यात. सुमेधला आठ दिवसांची सुट्टी मिळून राहिली. प्रियंका मला मनापासून आवडली. तिचं आधी एका ठिकाणी ठरून मोडलं होतं, त्यामुळे ती जरा दबून वागते. आपल्या घरी आली की होईल मोकळी.

विधी तूच लावायचा. हे मी विचारून नाही राहिली, सांगून राहिली. पंचवीस वर्षांत सौंसर तालुक्यातल्या अर्ध्या पोरांची लग्नं तू लावली, अन् सख्ख्या भाच्याचं दुसरा बौद्धाचार्य लावेल काय? फक्त उपदेश आवर. मागच्या लग्नात तू बोलत राहिलास अन् तिकडे भाजी थंडी झाली, हे लोक अजून मला ऐकवतात.

फोन केला असता, पण नलिनीवहिनी स्पीकर लावून बोलते अन् मग आपल्या बहीणभावाच्या गोष्टी अर्धा मोहल्ला ऐकते. म्हणून पत्र. लोभ आहेच, तारखेपर्यंत तो कमी होऊ देऊ नये.

तुझी,
कुसुम

सौंसर
दि. २६ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुसुमला,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तारीख निघाली, आनंद झाला. मृगाची संत्री तोडून झाली, दोन टोपल्या तुझ्यासाठी बाजूला काढल्या आहेत.

विधीचं मात्र मला जमेलसं दिसत नाही. दाढ दुखते, घसा बसला आहे, त्यात डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला. माझ्याकडे विधी शिकलेल्या सागरला सांग. तरुण आहे, पाठ पक्का आहे, आवाजही खणखणीत आहे. शिवाय एप्रिलच्या उन्हात बसनं येणं होईल की नाही, तेही आज सांगता येत नाही. तू समजदार आहेस, मनाला लावून घेऊ नकोस.

जावईबापू भिवाजीरावांना जयभीम. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हिरामण

पांढुर्णा
दि. ९ मार्च २०२५

दादास,
जयभीम.

दाढ, घसा अन् डोळा! तीस वर्षं मी दवाखान्यात नर्स म्हणून काढली रे. एका पत्रात तीन दुखणी घेऊन येणारा माणूस चौथं लपवून राहिला असतो, एवढं मला कळते.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलं नाही, पण मामा येत नाही ही गोष्ट घरात फिरलीच. सुमेधचे बाबा म्हणाले, तुझ्या भावाला मान कमी पडला असेल, मी स्वतः सौंसरला जाऊन हात जोडतो. मी त्यांना थांबवलं. पण प्रियंकाला कोण थांबवेल? तिनं सुमेधला विचारलं की, माझं आधी मोडलं म्हणून मामांना मी पसंत नाही काय. एवढं विचारून पोरगी दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिच्या आईनं तर मला फोन करून सरळ सांगितलं, काही मनात असेल तं आताच बोला, पत्रिका छापल्यावर नको.

पहिल्या वेळीही असंच झालं होतं म्हणे. त्या मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही, फक्त यायचं बंद केलं.

वहिनी सांगत होती, तू रविवारी विहारातही जात नाहीस. काहून? खरं काय ते लिही. नसेल लिहायचं तर तसं लिही, पण दाढ मला सांगू नकोस. मला तुझा फार राग आला आहे.

कुसुम

सौंसर
दि. १४ मार्च २०२५

प्रिय कुसुम,
सप्रेम जयभीम.

पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहून राहिलो. नलिनी बाहेर गेली आहे तेवढ्यात संपवतो.

नोव्हेंबरात बोरगावला लग्न होतं. पंचशील सुरू होतं. मी म्हणायचो, लोक मागून म्हणायचे, रोजचंच काम. तिसऱ्या शीलावर एकदम छातीत धडधड सुरू झाली. हात गार, ओठ बधिर, समोरचे लोक लांब कुठंतरी गेलेले. वाटलं, संपलं, आता या पोरीच्या लग्नात मी मरून पडतो. कसंबसं उरकलं अन् दाढेचं कारण सांगून न जेवता निघालो. ती दाढ तिथली आहे.

नागपूरला छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं साफ. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घरी जा. काही नाही म्हणता, तं मग हे काय आहे? पुढं बाजारात झालं. मग बसमध्ये झालं. मग न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याभोवती कापड बांधलेलं असताना. मी बाजार सोडला, बस सोडली, दाढी घरी करतो. आता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो, अन् नलिनीला सांगतो गॅस आहे.

खरी लाज पुढंच आहे. दर रविवारी विहारात लोकांना आनापान कोण शिकवते? मी. श्वास आत येतो तो पाहा, बाहेर जातो तो पाहा. म्हणून मी पण पाहायला बसलो. अन् कुसुम, मी पाहिला की तो अडकते! जितकं लक्ष देतो तितका तो कमी पडते, मग मी आणखी लक्ष देतो. साधनाच कच्ची म्हणून रोज दोन-दोन तास बसलो. चार महिने. दिवसेंदिवस वाढतच गेलं. ज्यांना मी शिकवलं त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ? ते म्हणतील, आचार्यांनाच श्वास घेता येत नाही.

चारशे लोकांसमोर हातात माईक घेऊन उभं राहायचं, या नुसत्या विचारानं आता लिहितानाही बोटं गार पडून राहिली. मला नाही जमणार. पण त्या पोरीनं ते स्वतःवर घेतलं हे वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला सांग, असं काही नाही. कारण सांगू नकोस.

तुझा,
हिरामण

पांढुर्णा
दि. १८ मार्च २०२५

माझ्या दादास,
सप्रेम जयभीम.

आधी माझ्यावरच रागावून घेतलं. नर्स म्हणवते अन् भावाचं एवढं ओळखता आलं नाही. दवाखान्यात महिन्याला दोन-चार असे येतात, हार्ट अटॅक आला म्हणून धावत आणलेले. पट्टी साफ निघते अन् घरचे म्हणतात, नाटक करून राहिला. नाटक नाही ते. पॅनिक अटॅक म्हणतात त्याला. जीव जाईल असं वाटते, पण जात नाही. वर चढते, दहा-पंधरा मिनिटांत उतरते.

आमच्याकडे मनाच्या डॉक्टर येतात, त्यांना तुझं नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, घाबरलेल्या माणसानं श्वासावर पहारा बसवला तर काहींचं आणखी बिघडते. साधना खोटी नाही, दादा, तू ती नको त्या वेळी लावून राहिलास. त्या वेळी डोळे उघडे ठेवायचे अन् बाहेर पाहायचं. पाय जमिनीला लावायचे, समोर काय-काय दिसते ते मनात म्हणायचं. अन् जागा सोडून पळायचं नाही, कारण पळालं की पुढच्या वेळी ती जागा आणखी भेव दाखवते. गुरुवारी ये, मी नंबर लावते. औषध देतील तर मुकाट्यानं घ्यायचं.

विधीचं मी काही म्हणत नाही. सागरनं लावला तरी लग्न लागतेच. पण प्रियंकाला खरं कारण तू स्वतः सांगायचं. बिनकारणाचं ‘नाही’ तिनं एकदा ऐकलं आहे, दुसऱ्यांदा आपल्या घरातून नको.

तुझ्यावर माया करणारी,
कुसुम

सौंसर
दि. १६ एप्रिल २०२५

प्रिय कुसुम,
सप्रेम जयभीम.

थोडक्यात लिहितो. तुमच्या मनाच्या डॉक्टरांची गोळी सुरू आहे. बसचा सराव सुरू आहे. पहिल्या दिवशी दोन स्टॉपनंतर उतरून पायी आलो, कंडक्टरला वाटलं माझं काही पडलं. काल तिकिटाप्रमाणे पुरा गेलो. नलिनीला सगळं सांगितलं. ती रडली अन् मग भांडली, पाच महिने मला गॅसच्या पुड्या आणायला लावल्या म्हणून.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत चौकापर्यंत गेलो. डीजेसमोर ते पुन्हा आलं होतं. समोरच्या घरांच्या खिडक्या मोजत उभा राहिलो. एकोणीस मोजल्या अन् मग मात्र पळालो. म्हणजे भरवसा काहीच नाही.

प्रियंकाला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, मामा, मग विधी तुम्हीच लावा. मी म्हटलं, मधेच बंद पडलो तर? ती म्हणाली, पडा. मला हो म्हणावं लागलं. सागरला माझ्याजवळच उभं कर. मी रुमाल वर केला की त्यानं पुढचं घ्यायचं. रोज पहाटेच जाग येते. अजून अकरा दिवस आहेत.

हिरामण

सौंसर
दि. ३० एप्रिल २०२५

प्रिय कुसुम,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू समोरच उभी होतीस, पण वरमाय असल्यामुळे तुझ्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत. तुला जे दिसलं नाही ते लिहितो.

त्रिसरण झालं. पंचशील झालं. मला वाटलं सुटलो. पोरांची प्रतिज्ञा सुरू झाली अन् सुमेधला एक वाक्य सांगून दुसऱ्यासाठी तोंड उघडणार, तर शब्दच नाही. धडधड सुरू. हात गार. रुमाल वर केला. सागरकडे पाहिलं, तर तो गडी मोबाइलवर शूटिंग करून राहिला! त्याला माझा रुमाल दिसत होता तो फोनमध्ये. त्याला वाटलं मी घाम पुसून राहिलो.

मांडवाचा मागचा दरवाजा सात पावलांवर होता. मी आधीच मोजून ठेवला होता. पाय वळलाही होता. प्रियंकाकडे नजर गेली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, दरवाजाकडे पाहत होती. तिला कळलं होतं मी कुठं जाणार ते.

मग मी माईकमध्येच बोललो. मला घबराहट होऊन राहिली, मरत-बिरत नाही, थोडं थांबा. पुढचं तू पाहिलंच. तिनं स्वतः खुर्ची ओढून दिली, अन् पांढऱ्या साडीत स्टेजवर खाली बसली. सुमेध बसला. हळूहळू अख्खा मांडव बसला. भिवाजीरावांनी आचाऱ्याला ओरडून सांगितलं की पोळ्या थांबव, तेव्हा मला रडू यावं की हसू यावं कळेना. मी पंखे पाहिले, फुलं पाहिली, पहिल्या रांगेतल्या लोकांच्या चपला पाहिल्या. चढलं, चढलं, अन् उतरलं. प्रियंका म्हणते नऊ मिनिटं. मी उठलो अन् दुसरं वाक्य सांगितलं.

एकही माणूस उठून गेला नाही. ज्याची मला सहा महिने धास्ती होती ते सगळ्यांनी पाहिलं, अन् नंतर मला वाढताना बायांनी फक्त भात आणखी हवा काय विचारलं. ती घबराहट पुन्हा येईल, हे मला माहीत आहे. परवा भाजी घेताना आलीच. पण भाजी घेऊन आलो.

नव्या सुनेला आशीर्वाद.

तुझा,
हिरामण

पांढुर्णा
दि. ५ मे २०२५

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पोरं फिरायला गेली, घर सुनं-सुनं आहे, म्हणून लिहायला बसली.

तुझा चेहरा त्या वेळी पांढरा पडला, ओठ हलत होते अन् नजर दरवाजाकडे. दादा, तो चेहरा मी आधी पाहिला होता. माझ्याच लग्नात. आपले बाबा माझ्याजवळ उभे होते, विधी सुरू होता, अन् एकदम ते मांडवातून निघून गेले. बिदाईलाही आले नाहीत. लोक काय-काय बोलले ते तुला आठवत असेल. पोरगी जड झाली होती, टाकून मोकळा झाला, असं माझ्या सासरी चार वर्षं ऐकवलं. मी बाबांना कधी विचारलं नाही. ते घरी आले की मी चहा देत होती अन् आत जात होती. दवाखान्यात शेवटी आठ दिवस त्यांची सेवा केली, तीही नर्ससारखी केली, पोरीसारखी नाही. त्यांनी दोनदा माझा हात धरून काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. मी सलाईन पाहायला उठली.

चारशे माणसं तुझ्यासाठी खाली बसली. बाबांना त्या दिवशी कोणी नुसतं बस म्हटलं नाही, दादा. मी पण नाही म्हटलं.

रविवारी विहारात शिकवायला जाशील तेव्हा हे सांग. तुझं सांग अन् बाबांचंही सांग, नाव घेऊन सांग. मी येऊन मागं बसते. बाबांचं हे मला एकटीनं सोसवत नाही.

माया अशीच राहू दे.

तुझी,
कुसुम