फ्रीजच्या लाइनवरचं मशीन

सर, उद्या सकाळी रक्तपेढीतलं ते कोपऱ्यातलं मशीन बंद करायचं आहे. बाहेर एवढं ऊन, कूलरचं पाणी दोनदा भरून झालं, आणि माझे हात मात्र दुपारपासून गार पडलेत. घरी सांगायची सोय नाही. एका जुन्या डब्याला काय घाबरतेस, म्हणून हसतील. तुम्ही हसला नसता. घाबरायला तुम्हीच तर शिकवलं होतं मला, म्हणून तुम्हालाच लिहिते.

कॉलेजची आपली ती कॉम्प्युटर लॅब म्हणजे निव्वळ भंगाराचं दुकान होतं, राग मानू नका. कुठल्या कचेरीनं टाकलेली मशीनं, कुठल्या बँकेनं काढून टाकलेली, आणि कोपऱ्यात ते एक, ज्याचा प्रोसेसरच निराळ्या जातीचा. त्या सगळ्यांवर तुम्ही मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरची फुकटची सिस्टिम टाकायचात. तिचा सगळा कोड उघडा. कोणीही वाचावा, कोणीही बदलावा. बदलावा म्हटल्यावर काय, दहा जणांच्या दहा तऱ्हा! एकीत फाइली इथे ठेवलेल्या, दुसरीत तिथे, एकीतला हुकूम दुसरीत चालायचा नाही. मला त्याचा भारी वैताग यायचा. माझं एकच म्हणणं होतं, की सगळ्या वर्ध्यात एकच तऱ्हा ठेवा, सगळं जागच्या जागी ठेवा, म्हणजे कोणीही येऊन कोणतंही मशीन दुरुस्त करेल. तुमचं म्हणणं उलटं. प्रोग्राम असा लिहा, की मशीन कोणतंही असो, त्याच्यावर तो उभा राहिला पाहिजे. आणि म्हणून आपल्या लॅबचा तो छळवादी नियम होता. चांगल्या मशीनवर प्रोग्राम चालला तर तुम्ही त्याला चालला म्हणायचाच नाहीत. कोपऱ्यातल्या मशीनवर चालला, तरच पास.

रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्राम मी केला, तो दिवस मला अजून दिसतो. स्टेशनकडच्या त्या लहानशा रक्तपेढीसाठी तुम्हीच तो करायला सांगितला होता. रक्तगट टाकला की त्या गटाच्या माणसांची नावं आणि गावं समोर. चांगल्या मशीनवर काय झकास चालतो! मी फुगून उभी आहे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवता आणि कोपऱ्याकडे बोट करता.

"तिथं चालते का?"

"सर, तिथं कोण वापरणार आहे? सगळ्यांकडे हेच मशीन आहे आता."

"आन् हेच बसलं त? सारे एका जातीचे, म्हंजे बसतीन तवा सारेच बसतीन. तुले भेव नाई वाटत?"

"नाही वाटत."

"मंग वाटू दे. ज्याले भेव नाई, त्याच्या हाती मी दवाखान्याचं काम देत नाई. जाय, पुन्हा लिही. आन् यादी साध्या अक्षरात ठेवजो, कोनालेबी वाचता आली पाहिजे."

सगळ्या वर्गासमोर! मी रडत रडत घरी गेले. तुमच्या नावानं आईजवळ काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण पुन्हा लिहिला आणि कोपऱ्यात चालवून दाखवला. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. पुढे लॅबमध्ये जागा पुरेना, तर तुम्ही ते मशीनच उचलून रक्तपेढीच्या स्टोअरमध्ये आणून ठेवलंत. मी तोवर तिथे नोकरीला लागले होते. पाठ सोडत नाही हा माणूस, असं म्हणत मी त्याच्यावर जुनी चादर टाकली.

मग तो मे महिना. वहिनी बाळंतपणाला मोठ्या दवाखान्यात होती. भरदुपारी दादा रक्तपेढीत धावत आला. शर्ट घामानं चिंब, हातात डॉक्टरची चिठ्ठी. रक्त थांबत नाही, ओ निगेटिव्ह पाहिजे. आमच्या फ्रीजमध्ये त्या गटाची एकही पिशवी नव्हती. दाता शोधायचा, तर यादी कॉम्प्युटरमध्ये, आणि सकाळी लाइन गेली ती परत येताना एवढ्या जोरात आली होती, की कॉम्प्युटरमधून धूर निघाला होता. माझ्याजवळ उरली होती फ्लॉपी. तिच्यावर प्रोग्राम आणि यादी दोन्ही होतं, पण ती घालायला चालू मशीन नव्हतं.

मी तुमच्या मशीनवरची चादर ओढली. त्या मशीनची खोड तुम्हाला माहीत आहे. आतली बॅटरी कधीचीच मेलेली, त्यामुळे एकदा बंद झालं की आपण कोण हेच ते विसरायचं, आणि सुरू करताना ते त्याला हातानं टाइप करून सांगावं लागायचं. ते येत होतं एकट्या तुम्हाला. मी तुमच्या घरी फोन लावला. तुम्ही जेवत होतात. एकेक अक्षर सांगत गेलात, मी रिसीव्हर मानेत धरून टाइप करत गेले. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, किती वेळ?" दादा दारातून विचारतो. तो मला लहानपणापासून बाईच म्हणतो. "काऊन नाई होऊन राह्यलं?"

"होते, दादा."

मशीन उठलं. त्याची जात निराळी, म्हणून फ्लॉपीवरचा प्रोग्राम त्याच्यासाठी नव्यानं बांधायला घेतला, आणि पडद्यावर ओळी सरकू लागल्या, इतक्या सावकाश, की ओरडावंसं वाटत होतं. कुठे अडला असता तर मला काही सुचलं नसतं, सर. देवाशपथ सांगते, मला फक्त वहिनीचा चेहरा दिसत होता. तो अडला नाही. तुम्ही मला रडवून लिहून घेतलेला होता ना! नाव आलं, हिंगणीचा एक किराणा दुकानदार. त्याच्या शेजारच्या पीसीओवर फोन केला. दुकान उघडं टाकून तो भाच्याच्या मोटरसायकलवर आला.

वहिनी वाचली. पोरगी आता सायकलनं शाळेत जाते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मला वाटलं, आता हा माणूस टेचात म्हणेल, पाह्यलं? पण तुम्ही स्टुलावर बसलात, आणि हातातला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवलात.

"मी घरी नसतो त?" तुम्ही म्हणालात. "रातभर मले झोप नाई. प्रोग्राम कुठंबी चालते, पन मशीन सुरू करनारा एकच. तुयंबी खरं हाये, बाई. साऱ्याईले येईन असंच पाहिजे."

त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात. छातीत कळ आली म्हणे, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मग मी माझ्या मनासारखं केलं. सगळी मशीनं एका तऱ्हेची, सगळ्यांवर एकच सिस्टिम, कोणीही यावं आणि दुरुस्त करावं. इतकी वर्षं काही अडलं नाही. तुमचं मशीन तेवढं कोपऱ्यात चालू राहिलं, रक्ताच्या फ्रीजच्या लाइनवर, जी लोडशेडिंगमध्येही जात नाही. रोज जाताना मी यादी त्याच्यावर उतरवून ठेवते. आणि परवा, सर, सिस्टिमची नवी दुरुस्ती सगळ्यांवर एकदमच टाकली, आणि सकाळी सगळीच्या सगळी मशीनं बसली. एकही उठेना. दुपारपर्यंत जुनी सिस्टिम परत टाकून ती उठवली. तेवढ्या वेळात चिठ्ठी घेऊन कोणी आलं नाही, एवढंच नशीब. मी कोपऱ्यात जाऊन ओ निगेटिव्ह टाकून पाहिलं. नावं आली.

आणि एवढं होऊनही रक्तपेढीच्या ट्रस्टच्या बैठकीत ठरलं काय, तर ते वेगळं मशीन बंद करून हलवा. एकसारखं करा, हे मीच इतकी वर्षं सांगत आले, आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? हाताखालचा मुलगा म्हणतो, "मॅडम, याचे पार्ट भेटत नाई, काऊन ठेवता?" खोटं नाही त्याचं.

सगळे समजतात, मी ते तुमची आठवण म्हणून चालू ठेवलंय. मागे एकदा कोणी तरी त्याला हारही घातला, बाप्पा! हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून इथेच सांगून टाकते. ते सुरू करायला तुम्ही फोनवर जे सांगितलंत, त्यातलं एकही अक्षर मला आठवत नाही. नेटवरून कागद काढले, ते दुसऱ्याच मशीनचे निघाले. तुम्ही गेल्यापासून मी ते एकदाही बंद केलेलं नाही, सर. बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही, तर फोन लावायला तुम्ही नाही, हे मला त्या दिवशी कळेल.