कॅराव्हॅनचा फ्रिज का पेटला?

शनिवार, संध्याकाळ

उद्या आईला घेऊन कॅराव्हॅननं निघायचं आणि तिचं इन्सुलिन ज्यात ठेवायचं तो गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रिज पेटेना. ज्योत येते, बटण सोडलं की विझते. सिलिंडर बदलला, तरी विझतेच. मग दिसलं, दसऱ्याला आईनं झेंडूचा हार नेमका फ्रिजच्या ज्योतीला हवा मिळते त्या बाहेरच्या जाळीवर बांधलाय.

"गाडीला हार नको?" आई म्हणाली.

हार काढला, त्याच दमात उतारावर तिरपी उभी असलेली गाडीही सपाटीवर घेतली, कारण असा फ्रिज तिरपा नीट चालत नाही. पेटला. पण नक्की कशामुळे? आणि मुक्कामी पुन्हा विझला तर? तोवर आईला "झाला नीट" सांगून बसलो होतो. राहवेना. जाऊन म्हटलं, का पेटला ते कळलेलं नाही.

"मग इन्सुलिन माझ्या थर्मासमध्ये," ती म्हणाली. "फ्रिजात तुझं ताक ठेव."