शेंड्यांपुरतं तेल

केडगाव, नगर
२ डिसेंबर २०२४

ती. स्टेला आत्यास,
एंजलचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तुला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि दोन खोल्यांच्या घरात ओरडून सासरच्या गोष्टी सांगता येत नाहीत. मागच्या वेळी मी तुला म्हटलं की आमच्याकडे आमटी जरा कमी तिखट असते, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या दगडाबाई वाटीभर लाल तिखट घेऊन दारात हजर! तेव्हापासून ठरवलंय, मनातलं सगळं कागदावर.

लग्नाला सात महिने झाले. नोहा चांगला आहे, फक्त खिशात ठेवलेली वस्तू विसरतो. सासूबाई दिवसभर मशीनवर असतात, शाळेचे गणवेश शिवतात. बोलणं मोजकं. रागावत नाहीत, पण मनात काय आहे तेही कळत नाही.

आता खरं कारण. नागापूरला कंपनीत आठ तास केस टोपीत कोंबून पॅकिंग करते. वरून केस बरे दिसतात, पण शेंडे केरसुणीसारखे झाले आहेत. वेणीचं टोक हातात घेतलं की करकरतं, फणी घातली की तुटतं. लाइनवरची पाथर्डीची धनश्री रोज मागे लागते की एवढे लई लांब ठेवून कुठं प्रदर्शनात मांडायचेत, खांद्यापर्यंत काप न् मोकळी हो. सासूबाईही एकदा म्हणाल्या की मशीनपाशी केस मोकळे सोडून बसू नकोस. जमिनीवरचा एकेक केस त्या उचलून टाकतात. माझे केस त्यांना नकोसे झाले असावेत.

कापायचा धीर होत नाही. तू दर शनिवारी माझ्या वेणीच्या टोकाला काहीतरी बांधायचीस. मला फक्त कोमट तेलाचा वास आणि मानेशी टोचणारी गाठ आठवते, पुढचं सगळं झोपेत. नक्की काय करायचीस ते कळव.

तुझी माया अशीच वेणीच्या टोकापर्यंत पोचत राहो.
तुझी,
एंजल


राहुरी
६ डिसेंबर २०२४

चि. एंजल हिस,
आत्याचे अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा शुद्धलेखनासाठी. दुसऱ्यात नापास आहेस.

तुझी आई गेली तेव्हा तुझे केस कानापर्यंत होते आणि मला साधी वेणीही घालता येत नव्हती. लग्न नाही, मूल नाही, शाळेत सगळ्या मुली तयार वेण्या घालून यायच्या. पहिल्या वर्षी तुझी वेणी प्रार्थना संपायच्या आत सुटायची. जे शिकले ते तुझ्याच डोक्यावर शिकले, तेव्हा आता तुला फुकट सांगते.

शनिवारी संध्याकाळी केस विंचरायचे, सुरुवात टोकाकडून. चमचाभर खोबरेल वाटीत घ्यायचं. या थंडीत ते दगडासारखं गोठलेलं असेल, म्हणून वाटी गरम पाण्यात धरायची. तेल तळहातावर चोळून फक्त शेंड्यांना लावायचं, खालची वीतभर. टाळूला नको, मुळांना नको. डोक्याला स्वतःचं तेल असतं, ते एवढ्या लांब खाली उतरत नाही, म्हणून शेंडे उपाशी राहतात. मग सैल वेणी घालून टोक वर दुमडायचं आणि जुन्या सुती साडीच्या पट्टीत गुंडाळायचं. उशी वाचते आणि तेल केसातच राहतं. रविवारी चर्चच्या आधी कोमट पाण्याने धुवायचे. चार शनिवार नेमाने कर, मग मला सांग.

पट्टी सासूबाईंकडे माग. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात चिंधीला तोटा नसतो, आणि मागितलं की माणसं बोलायला लागतात.

इथे कालव्याला पाणी आलंय. माझा उजवा खांदा वर होत नाही, त्यामुळे अंबाडा कसाबसा बांधते, पण शाळेतून निवृत्त झालेल्या बाईकडे बघायला आहे कोण? कापायची घाई करू नकोस.

जावईबापूंना सलाम. आठवण तेलासारखी ठेव, थोडी पण रोजची.
तुझी आत्या,
स्टेला


केडगाव
३० डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
एंजलचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुला नाताळच्या मागाहूनच्या शुभेच्छा. तुझ्या करंज्या पोचल्या. नोहाने निम्म्या संपवल्या आणि नाव दगडाबाईंचं सांगितलं.

आत्या, जमलं नाही. तीन शनिवार तू सांगितलंस तसं सगळं केलं. माझं तेल संपलं होतं, म्हणून सासूबाईंच्या मशीनमागच्या फळीवरच्या खोबरेलाच्या बाटलीतलं चमचाभर घ्यायचे. त्या शनिवारी महिला मंडळाच्या प्रार्थनेला जातात, तेवढ्यात उरकायचे. विचारायची भीड वाटली. पट्टीही मागितली नाही, नोहाचं जुनं बनियन फाडलं. वाटी गरम पाण्यात धरायची गरज पडली नाही, तेल छान पातळ होतं, बाटली कलती केली की धार. इकडे थंडी अशी की तूप सुरीने कापतोय आणि माझं सर्दीने नाक महिनाभर बंद आहे.

पण शेंडे सुधारायचे राहिले बाजूला, आणखी बिघडले. धुतले तरी चिकट राहतात, कंपनीतली धूळ धरतात, आता तर जटा झाल्यात. नाताळच्या फोटोत मी वेणी पदराखाली लपवली. उशीच्या अभ्र्यावर मोठा डाग पडला. सासूबाईंनी अभ्रा उचलला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि भिजत टाकला. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ जानेवारीला धनश्रीबरोबर पार्लरमध्ये जाऊन खांद्यापर्यंत कापून टाकणार आहे. तू चौदा वर्षं वाढवलेले केस मला सात महिने सांभाळता आले नाहीत. तुला कुणाकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

रागावलीस तरी लिहायचं थांबवू नकोस.
तुझी,
एंजल


राहुरी
३ जानेवारी २०२५

चि. एंजल हिस,
अ. आशीर्वाद. बाकीची वि. वि. नंतर.

हे पत्र टपालात टाकत नाही. शेजारचा सॅमसन उद्या कामावर नागापूरला येतोय, तो नोहाच्या कंपनीच्या गेटवर त्याच्या हातात देईल.

माझ्या स्वयंपाकघरातलं खोबरेल नोव्हेंबरपासून गोठलेलं आहे. तुमच्याकडे तूप सुरीने कापतात आणि खोबरेलाची धार लागते? अगं, नगरच्या थंडीत जे तेल गोठत नाही ते खोबरेल नव्हे. त्या बाटलीत काय आहे ते मला माहीत नाही. तुझं नाक बंद आहे. ज्यांचं नाक उघडं आहे त्यांना विचार. हे पत्रच सासूबाईंना वाचायला दे.

उद्या शनिवार. त्या बाटलीला हात लावू नकोस. कात्रीलाही नको.

उत्तराची वाट पाहणारी,
आत्या


केडगाव
६ जानेवारी २०२५

विहीणबाई स्टेलाताई यांस,
दयाचा सलाम. वि. वि.

मी सातवी शिकलेली. बोलते तसंच लिहिते, लाल पेन काढू नका.

तुमची चिठ्ठी सॅमसननं शनिवारी नोहाला दिली अन् नोहानं खिशात ठिवली. पुढचं तुमी ओळखलं आसल. रविवारी चर्चला निघायच्या आधी मी कपडे भिजवाया घेतले, खिसे तपासले, तवा घावली. वर एंजलचं नाव हुतं म्हनून तिला दिली. तिनं वाचली, तोंड पांढरं झालं, अन् कागद माझ्या हातात दिला. मी वाचला अन् मशीनच्या स्टुलावर बसलेच.

ताई, ती बाटली माझ्या मशीनच्या तेलाची हाय. खोबरेलाची रिकामी बाटली फेकवंना, म्हनून मीच तिच्यात सुट्टं तेल भरून ठिवलं. चिठ्ठी लावली न्हाई, कारन घरात मला एकटीला ठाऊक आसलं की झालं, अशी इतक्या वर्षांची सवय. पोरीनं तीन शनिवार मशीनचं तेल केसाला लावलं.

आता माझा येडेपना ऐका. बाटलीतलं तेल कमी हुताना मला दिसत हुतं. मला वाटलं, सून माझ्या माघारी मशीनला तेल घालती. मशीनबी हलकी चालल्यागत वाटाया लागली. महिला मंडळात मी सगळ्यांना सांगितलं की माझी सून बोलत न्हाई, पन माझ्या मशीनला जपती. दगडाबाईला दोनदा सांगितलं. अभ्र्याला मशीनच्या तेलाचा वास आला तवा वाटलं, हात पुसला आसल, लाजती बिचारी, कशाला इचारायचं. ती मला भ्यायची अन् मी तिच्यावर खूश हुते, अन् दोगीबी गप.

ह्या वर्षाचा पयला रविवार, प्रभुभोजनाचा. चर्चची घंटा झाली. नोहाला एकट्याला धाडला. आजारपन सोडून मी कदी प्रभुभोजन चुकवलं न्हाई, पन मला वाटलं देव थांबल, हे केस थांबायचे न्हाईत. तिला मागच्या दारी उन्हात बसवलं. हरबऱ्याच्या पिठानं दोनदा धुतले, मग शिकेकाई. एकेक बट हातानं सोडवली. ती रडाया लागली तवा म्हनलं, पानी हंड्यात भरपूर हाय, तू वरून घालू नको. तवा कुठं हसली. अन् मग जी बोलाया लागली ती दुपारपतुर थांबली न्हाई. मला तर वाटत हुतं हिला बोलताच येत न्हाई.

मशीनपाशी केस सोडू नको म्हनले हुते, ते भीतीनं. मी नवी नवरी आसताना माझी बट चाकात गेलती. खाली पडलेले केस उचलते तेबी चाकात गुतत्यात म्हनून. तिला कारन सांगाया हवं हुतं.

केस वाचलेत. पन शेंड्याची चार बोटं गेलीत, ती काढावीच लागतील, न्हाईतर वर फाटत जातील. टेपनं मापलंय. कातरीला धार लावलीय. पन मी कातरी चालवली न्हाई. केस तुमच्या हाताखाली वाढलेत. तुमी लिहा, मगच कापीन. न्हाई म्हनलात तर तेल लावत बसंन.

चुकले, पदरात घ्या. विहिनीचं नातं ह्या तेलानं घसरू नये.
आपली,
दया


राहुरी
१० जानेवारी २०२५

प्रिय विहीणबाई दयाताई यांस,
स्टेलाचा मनापासून सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. लाल पेन शोधला होता, पण चष्म्यावर पाणी आल्यामुळे उपयोग झाला नाही. चाळीस वर्षांत इतकं सरळ लिहिलेलं माझ्या हाती आलं नव्हतं.

चूक वाटून घेऊ. मी तेल किती, केव्हा, कुठे ते सगळं सांगितलं आणि आधी हुंगून बघ हे सांगायचं विसरले. मुलांना जन्मभर म्हणत आले की प्रश्न नीट वाचा.

चौदा वर्षं त्या केसांचं सगळं मी एकटीने ठरवत आले. उवा झाल्या तेव्हा, टायफॉइडमध्ये डॉक्टर बारीक कापा म्हणाले तेव्हा, कधी कुणाला विचारावं असं माणूसच नव्हतं. आज कुणीतरी मला विचारलं. कात्री हातात असताना विचारलं. दयाताई, हे तुमचं थांबणं मी विसरणार नाही.

आता कापा. चार बोटं तुमची धरा, एंजलची धरू नका, ती रडून दोनच म्हणेल. कापल्यावर शनिवारचं तेल चालू ठेवा. केस वाढतील, त्यांना तेवढंच येतं.

आता ती पोर दोघींची आहे असं समजते आणि निर्धास्त होते.
आपली,
स्टेला


केडगाव
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
एंजलचा खूप खूप सलाम. वि. वि.

शनिवारी केस कापले. सासूबाईंनी मला मशीनसमोरच्या स्टुलावर बसवलं, खांद्यावर गणवेशाचं उरलेलं कापड टाकलं, तुझं पत्र मशीनवर उघडं ठेवलं आणि टेप लावून चार बोटं कापली. मी दोन म्हणून पाहिलं. त्यांनी पत्रातल्या ओळीवर बोट ठेवलं. काठ असा सरळ आलाय की धनश्री विचारत होती कुठल्या पार्लरला गेलीस. तिला सांगितलं की कापणारी बाई एरवी फक्त गणवेश शिवते. आता २६ तारखेला तीच आमच्याकडे येणार म्हणत होती, तिचेही शेंडे गेलेत.

मशीनच्या तेलाच्या बाटलीला लाल चिंधी बांधलीय. खोबरेल स्वयंपाकघरात, आणि खरोखर दगडासारखं. संध्याकाळी सासूबाईंनीच वाटी गरम पाण्यात धरली आणि शेंड्यांना तेल लावलं. त्यांचा हात तुझ्यापेक्षा जड आहे, पण गाठ टोचत नाही. पट्टी त्यांच्या मऊ झालेल्या साडीची, कडेने टीप मारलेली! मग मी त्यांना खाली बसवलं. त्यांची वेणी बोटाएवढी आहे, म्हणत होत्या एवढ्याला काय तेल लावायचं. लावलं. तेल लावता लावता कळलं की त्या गात गात शिवत असत, मी आल्यापासून मला आवडणार नाही म्हणून बंद केलं होतं. आज सकाळपासून मशीनबरोबर गाणं चालू आहे. आवाज चांगला नाही, पण असू दे.

आत्या, एक सांगायचं राहिलं. तुझी पत्रं त्यांनी सगळी मागून घेऊन वाचली. डिसेंबरच्या पत्रावर थांबल्या आणि विचारलं की ताईंचा खांदा वर होत नाही, तर त्यांच्या शेंड्यांना कोण तेल लावतं. मी ते पत्र चार वेळा वाचलं होतं. मला फक्त माझ्या केसांच्या ओळी दिसल्या. खांद्याची ओळ मी प्रत्येक वेळी ओलांडून गेले.

धनश्रीला २६ ऐवजी त्याच्या पुढच्या रविवारी यायला सांगितलंय. आम्ही दोघी २५ तारखेला, शनिवारी दुपारच्या एसटीने राहुरीला येतोय. रविवारी तुझ्याबरोबर चर्चला जाऊ. पट्टी शिवून झालीय, तुझ्यासाठी निळी. तेलाची बाटली सासूबाईंनी स्वतः हुंगून पिशवीत ठेवलीय, मग मला हुंगायला लावली, मग नोहाला.

स्वयंपाक करू नकोस. पाणी तेवढं गरम ठेव आणि अंबाडा सोडून बस.

चौदा वर्षांचे शनिवार फिटणार नाहीत, तरी पहिला घेऊन येतेय.
तुझीच,
एंजल