बगळ्याच्या नावाचा पक्षी

नाटे,
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय महिपतकाका,

तुमचं पत्र मिळालं. माझी तब्येत ठीक आहे. माझ्या वर्गातली पोरं शाळा तपासायला आलेल्या साहेबांना घाबरत नाहीत, मग मला, त्यांच्या बाईंना, कुठली घाबरायला! माझ्या लग्नाची तयारी तुम्ही नेहमीसारखी चोख चालवली आहे. फक्त पत्रातल्या एका ओळीने मला जेवण गेलं नाही. ती शेवटी सांगते.

आज खाडीच्या तोंडाशी तुमचा तो काळा-पांढरा, जाड चोचीचा, खेकडे, म्हणजे आपल्या कुर्ल्या, खाणारा पक्षी दिसला. शास्त्रातलं नाव ड्रोमास आर्डेओला. आर्डेओला म्हणजे छोटा बगळा, आणि हा तर बगळ्यांच्या नात्यातलाही नाही. भाट्याच्या वाळूत बसून तुम्ही सांगायचात, की नाव देणाऱ्याचं चुकलं तरी पहिलं नाव मोडायचं नाही, असा शास्त्राचा नियम आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून तुमचं भागायचं नाही, उरलेलं घरी यायचं.

तोच नियम तुम्ही मलाही लावलात. बाबांची होडी परत आली नाही, आणि पुढे आईने तुमच्याशी, बाबांच्या दोस्ताशी, लग्न केलं. शाळेत माझं नाव घालताना तुम्ही हेडमास्तरांना म्हणालात, "गुणवंती रघू भाटकर. पहिलं नाव मोडायचं नसतं." मी तुमचं बोट धरून उभी होते. मला वाटलं, ह्यांना मी नको आहे. ते बोट मी सोडलं ते सोडलंच. भाट्याला घर असून हॉस्टेलवर राहिले. तुम्ही रविवारी कुर्ल्यांच्या कालवणाचा डबा घेऊन यायचात, आणि मी तो फाटकातूनच घ्यायचे. आई म्हणायची, "तुझ्या बापाचं नाव राखलनी ह्यांनी, तुला दूर नाय केलनी." मी ऐकायचे, पण मानायचे नाही. किती वर्षं फुकट गेली, काका. फार वाईट वाटतं.

आज त्या पक्ष्यामागे एक करडं पिल्लू होतं, अंगाने त्याच्याएवढंच. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या पक्ष्यांची, चिखल्यांची, पोरं अंड्यातून निघाली की आपलं आपण टिपून खातात. हे मात्र समुद्र ओलांडून आलं तरी चोच वासत मागे फिरत होतं, आणि मोठा पक्षी खेकडा फोडून त्याच्यापुढे ठेवत होता. मला फाटकाबाहेरचे तुम्ही आठवलात आणि मी तिथेच रडले.

नाव राहतं, पण जागा बदलते, हेही तुम्हीच शिकवलंत. वर्गीकरण करताना ह्या पक्ष्याला कुणी कुररी पक्ष्यांजवळ बसवलं, कुणी करवानक पक्ष्यांजवळ, आणि शेवटी त्याला स्वतःचं कुळ मिळालं. नाव मात्र बगळ्याचंच.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही कळवलंत, की कन्यादानाला माझे चुलते दादूआबा आणि काकू बसतील, कारण नाव त्यांच्या घरचं. तुम्ही पंगतीकडे बघाल. पत्रिकेत बाबांचंच नाव छापा, मलाही तेच हवं आहे. पण पाटावर आईशेजारी तुम्ही बसा. दादूआबांना मी विचारलं आहे, ते हो म्हणाले. पंगतीकडे तेच बघतील. सासरी जायच्या आधी मला तुमचं बोट एकदा धरायचं आहे.

तुमचीच,
गुणा